शेअर फोल्डरचा जुना पासवर्ड विंडोजला विसरायला कसं लावायचं

सीएच्या ऑफिसात माणसं सतत बदलतात. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात करायची उमेदवारी, आधी तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासून दोन वर्षांची झाली, त्यामुळे ही ये-जा आता आणखी वाढली आहे. मुलं परीक्षा देऊन पुढं जातात. ती बसायची तो संगणक मात्र तिथंच राहतो, आणि त्यात त्यांच्या नावानं सर्व्हर, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या फाइली ठेवलेला संगणक, उघडणारा पासवर्डही राहतो. नवा मुलगा येतो, सर्व्हरच्या आयकॉनवर डबल-क्लिक करतो आणि काहीही न विचारता फोल्डर उघडतात. त्याला ती सोय वाटते. पण त्याला जे दिसायला नको तेही त्यात दिसत असतं, आणि त्यानं एखादी फाइल उडवली तर सर्व्हर नाव सांगतो ते ऑफिस सोडून गेलेल्या मुलीचं.

मी सांगलीत अशाच एका ऑफिसात आहे. हिशेब हे माझं काम, आणि संगणकांची देखरेखही माझ्याकडेच. आमच्या सर्व्हरवर लोकांच्या पॅन-आधारच्या प्रती आहेत, बँकेची स्टेटमेंटं आहेत, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आहे, काहींची मृत्युपत्रंसुद्धा आहेत. सरांवर विश्वास ठेवून त्यांनी ती दिली आहेत. म्हणून शेअर फोल्डरचे, म्हणजे सर्व्हरवरून इतर संगणकांना उघडता येणाऱ्या फोल्डरांचे, सेव्ह झालेले पासवर्ड काढणं हे मला किरकोळ काम वाटत नाही. ते बहुतेक ठिकाणी अर्धवट होतं, आणि अर्धवट का होतं हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पासवर्ड काढला तरी फोल्डर उघडतो, असं का

शेअर फोल्डर पहिल्यांदा उघडताना नाव आणि पासवर्डची चौकट येते. तिच्यात खाली 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स' असा छोटा चौकोन असतो. त्यावर टिक केली की नाव-पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजर या विंडोजच्या पासवर्ड साठवायच्या जागेत जाऊन बसतात, आणि संगणक बंद करून चालू केला तरी तिथंच राहतात. टिक केली नाही, तर पासवर्ड सेव्ह होत नाही. पण त्या वेळी सर्व्हरशी जुळलेलं कनेक्शन तुम्ही साइन आउट करेपर्यंत टिकतं.

तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: सेव्ह झालेला पासवर्ड आणि आत्ता चालू असलेलं कनेक्शन. घराची किल्ली काढून घेतली म्हणून आत शिरलेला माणूस बाहेर येत नाही, तसंच हे. लोक क्रेडेन्शियल मॅनेजरमधली नोंद काढतात, लगेच सर्व्हर उघडून बघतात, तो उघडतो, आणि "ताई, काढलं तरी जात नाही" म्हणून सोडून देतात. उलट काही जण फक्त कनेक्शन तोडतात. मग पुढच्या क्लिकला विंडोज सेव्ह झालेला पासवर्ड गुपचूप वापरून पुन्हा आत जातो. दोन्ही काढायचं, आणि आधी पासवर्ड, नंतर कनेक्शन, या क्रमानं. क्रम उलटा केला तर मधल्या मिनिटात एखादी उघडी खिडकी स्वतःहून पुन्हा कनेक्शन जोडते.

सुरुवातीला नुसतं बघून घ्या

टॅली, एक्सेल, जे काही सर्व्हरवरून उघडलं असेल ते बंद करा. याबाबतीत मी कडक आहे. टॅलीत कंपनी उघडी असताना खालचं कनेक्शन तोडलं तर नुकती टाकलेली एंट्री जाऊ शकते, डेटा बिघडू शकतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर असताना, हे काम काढूच नका.

आता कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडा. स्टार्टवर क्लिक करून सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली की तो वर येतो. नुसता एंटर मारा. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करायचं नाही. आपण एरवी प्रत्येक गोष्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडतो, पण इथं त्यानं नुकसान होतं: अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची खिडकी विंडोजच्या लेखी वेगळं लॉगिन असते, आणि तुमच्या रोजच्या वापरातले झेड, वाय असे ड्राइव्ह तिच्यात सहसा दिसतच नाहीत. यादी रिकामी येते आणि माणूस समजतो की काही नाहीच.

पुढच्या कमांड इथं देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा. पहिली:

नेट यूज

दोन शब्द, मध्ये एक जागा. यात चालू कनेक्शनची यादी येते: कुठलं अक्षर, कुठला सर्व्हर, कुठला फोल्डर. एखाद्या ओळीला ड्राइव्हचं अक्षर नसतं आणि शेवटी आयपीसी आणि डॉलरचं चिन्ह असतं. तेही कनेक्शनच आहे, त्याच्याकडे काणाडोळा करू नका.

दुसरी:

सीएमडीकी /लिस्ट

यातला पहिला शब्द सी, एम, डी, के, ई, वाय असा सलग आहे. ही कमांड सेव्ह झालेल्या सगळ्या नोंदी दाखवते. प्रत्येकीत 'टार्गेट'पुढं कशासाठीचा पासवर्ड आहे ते, आणि 'युजर'पुढं कोणाच्या नावानं आहे ते. पासवर्ड स्वतः कुठंही दिसत नाही. ही यादी मी मोबाइलवर फोटो काढून ठेवते. नंतर काही अडलं तर आधी काय होतं ते समोर असतं.

यादी बघताना सर्व्हरचं एकच नाव शोधू नका. माझ्या अनुभवात खरी मेख इथंच असते. विंडोजच्या दृष्टीनं \\ऑफिस-सर्व्हर आणि \\१९२.१६८.१.१० हे दोन वेगळे सर्व्हर आहेत, मग कपाटात ठेवलेलं यंत्र एकच का असेना. कोणी नावानं उघडतो, कोणी आयपीनं, म्हणजे नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यानं, आणि दोन्हींसाठी दोन नोंदी होतात. डोमेन असलेल्या, म्हणजे सगळी लॉगिनं एकाच जागेवरून चालवणाऱ्या, मोठ्या ऑफिसात लांबलचक पूर्ण नावाची तिसरीही सापडते. शिवाय राउटर बदलला, सर्व्हरचा आयपी बदलला, तरी जुन्या आयपीची नोंद तशीच राहिलेली असते. उद्या तोच आयपी दुसऱ्याच कुठल्या यंत्राला मिळाला तर जुनं नाव-पासवर्ड त्याच्यापुढं वापरायचा प्रयत्न होणार. असल्या मेलेल्या नोंदीही काढाव्यात.

सेव्ह झालेला पासवर्ड काढणं

स्टार्टमध्ये सी, आर, ई, डी टाइप करताच क्रेडेन्शियल मॅनेजर दिसतो. कंट्रोल पॅनेलमधून जायचं तर 'युजर अकाउंट्स'मध्ये आहे. उघडल्यावर वर दोन मोठे चौकोन दिसतात, वेब क्रेडेन्शियल्स आणि विंडोज क्रेडेन्शियल्स. वेबवाल्याशी आपलं काम नाही. विंडोज क्रेडेन्शियल्सवर क्लिक करा.

खाली तीन गट येतात. सगळ्यात वरच्या 'विंडोज क्रेडेन्शियल्स' गटात शेअर फोल्डरच्या नोंदी असतात. सर्व्हरच्या नावासमोरच्या बाणावर क्लिक केलं की ती उलगडते: पत्ता, युजरचं नाव, पासवर्डच्या जागी ठिपके, आणि खाली 'एडिट' व 'रिमूव्ह'. रिमूव्ह करा, 'येस' म्हणा. नावाची, आयपीची, जुन्या आयपीची, सगळ्या.

माणूस तोच आहे आणि फक्त पासवर्ड बदलला आहे, तर एडिट करून नवा टाकता येतो. तरी मी रिमूव्हच करते. नवा पासवर्ड त्या माणसानं स्वतः टाकावा, मला तो कळायचं कारण नाही.

त्याच गटात 'टर्मएसआरव्ही'नं सुरू होणारी नोंद असेल तर ती रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दुसरा संगणक दुरून चालवायच्या सोयीची, आहे. शेअर फोल्डरशी तिचा संबंध नाही. सोडून गेलेल्या मुलाची असेल तर तीही काढा, कामाची असेल तर राहू द्या.

तळाच्या 'जेनेरिक क्रेडेन्शियल्स' गटाला मात्र उगाच हात लावू नका. तिथं वनड्राइव्हची नोंद असते, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची असते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटची असते. काही जण सफाईच्या भरात सगळं रिमूव्ह करत खाली जातात. मग दुसऱ्या दिवशी वर्ड आणि आउटलूक पुन्हा साइन इन मागतात, आणि ज्याला तो पासवर्ड माहीत आहे तो माणूस नेमका इस्लामपूरला ऑडिटला गेलेला असतो.

खिडक्यांपेक्षा कमांड आवडत असेल, तर:

सीएमडीकी /डिलीट:ऑफिस-सर्व्हर

विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर जागा सोडायची नाही. यादीत 'टार्गेट'पुढं बरोबरच्या चिन्हानंतर जे नाव दिसतं तेच इथं द्यायचं. एकाच ऑफिसात सगळ्या संगणकांवरून एकच जुना सर्व्हर काढायचा असेल तेव्हा ही ओळ फार वेळ वाचवते.

इथं एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. क्रेडेन्शियल मॅनेजर ज्या विंडोज युजरनं लॉगिन केलं आहे त्याच्याच नोंदी दाखवतो. एका संगणकावर दोघांची वेगवेगळी लॉगिनं असतील तर दोन्हीकडे जाऊन काढावं लागतं. लहान ऑफिसांत बहुधा उलटं असतं: 'युजर' नावाचं एकच लॉगिन, आणि आला-गेला प्रत्येक जण तेच वापरतो. तिथं एकाचा पासवर्ड दुसऱ्याला आयताच मिळतो. जमेल तितक्या लवकर प्रत्येकाला वेगळं लॉगिन करून द्या. विंडोजमध्ये त्याला पैसे पडत नाहीत.

आता कनेक्शन तोडा

एकच फोल्डर तोडायचा असेल तर:

नेट यूज \\ऑफिस-सर्व्हर\डेटा /डिलीट

सगळंच तोडायचं असेल तर:

नेट यूज * /डिलीट

ही दुसरी कमांड आधी यादी दाखवते आणि विचारते, पुढं जाऊ का. वाचा, मग वाय दाबा. काही फाइल अजून उघड्या आहेत असा इशारा आला तर एन दाबून थांबा आणि ती फाइल आधी बंद करा.

'धिस पीसी'मध्ये झेड किंवा वाय ड्राइव्ह जोडलेला असेल तर तोही यातच जातो, किंवा त्याच्यावर राइट-क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करता येतो. तो जोडताना 'रीकनेक्ट अ‍ॅट साइन-इन'वर टिक असली की विंडोज दर लॉगिनला तोच जोडायला जातो, आणि कधी कधी जुन्या माणसाचं युजरनेमही त्याच्या लक्षात असतं. म्हणून जुना ड्राइव्ह पूर्ण काढून नव्या माणसाच्या नावानं नव्यानं जोडावा. अक्षर मात्र आधीचंच द्या. टॅलीत डेटाचा मार्ग झेडवर दिलेला असतो, तो बदलला की सगळे गोंधळतात.

नेट यूजची यादी रिकामी आली तरी खात्री धरू नका. फाइल एक्स्प्लोररनं थेट उघडलेली कनेक्शनं त्या यादीत नेहमी येतातच असं नाही. त्यामुळे शेवटी साइन आउट करून पुन्हा लॉगिन करा, किंवा सरळ रीस्टार्ट करा. विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करणं म्हणजे साइन आउट नव्हे, आणि लॅपटॉपचं झाकण मिटणं तर नव्हेच.

रीस्टार्टनंतर सर्व्हर उघडा. नाव-पासवर्डची चौकट आली, की या संगणकावरचं काम झालं.

१२१९ हा आकडा दिसला तर

कधी चौकट येते, नवं नाव-पासवर्ड टाकता, आणि विंडोज म्हणतो की एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येणार नाही. कमांडमध्ये हीच अडचण 'सिस्टिम एरर १२१९' म्हणून येते. त्याचा अर्थ सरळ आहे: जुन्या नावाचं एखादं कनेक्शन अजून जिवंत आहे. बहुधा ते अक्षर नसलेलं आयपीसीवालं असतं, नाहीतर दुसऱ्या एखाद्या फोल्डरचं. नेट यूज करून शोधा आणि तोडा.

इंटरनेटवर यावर एक तोडगा फिरतो: नावानं उघडत नसेल तर आयपीनं उघडा. चालतो तो, कारण वर सांगितल्याप्रमाणे विंडोजला ते दोन सर्व्हर वाटतात. पण मग जुनं कनेक्शन जुन्या नावानं चालूच राहतं आणि नवं त्याच्या शेजारी. मला तो तोडगा पटत नाही. ज्यासाठी हे काम हाती घेतलं तेच त्यात बाजूला राहतं.

८६ किंवा १३२६ आला तर तो नाव किंवा पासवर्ड चुकल्याचा आहे. ५३ म्हणजे सर्व्हरच सापडला नाही. त्यात पासवर्डचा दोष नाही, केबल, वायफाय, सर्व्हर चालू आहे का ते बघा.

सगळं काढलं, तरी न विचारता उघडतो

हे फार ठिकाणी आहे, आणि यामागचं कारण सहज सापडत नाही. ऑफिसचं नेटवर्क बसवणारा माणूस सोयीसाठी प्रत्येक संगणकावर आणि सर्व्हरवरही एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं खातं करून जातो. विंडोज सर्व्हरकडे गेला की सेव्ह केलेलं काही नसेल तेव्हा तो आधी तुमच्या स्वतःच्या लॉगिनचं नाव-पासवर्ड पुढं करतो. सर्व्हरवरही तेच नाव आणि तोच पासवर्ड असेल तर दार उघडतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये काढण्यासारखं काही नव्हतंच. इथं उपाय एकच, सर्व्हरवरचा पासवर्ड बदलणं.

दुसरं कारण, सर्व्हरवर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून ठेवलेलं असतं आणि फोल्डर 'एव्हरीवन'ला दिलेला असतो. मग पासवर्ड विचारण्याचा प्रश्नच येत नाही. असं दिसलं तर इतर सगळं बाजूला ठेवून आधी ते चालू करा.

विचारतो, पण घेत नाही

सगळ्यात जास्त फोन मला यासाठी येतात. मुलं संगणक उघडायला चार आकडी पिन वापरतात आणि सर्व्हरच्या चौकटीतही तोच टाकतात. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. तिथं सर्व्हरवरच्या खात्याचा पासवर्डच लागतो. सर्व्हरवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं खातं केलेलं असेल तर पूर्ण ईमेल आणि त्या अकाउंटचा पासवर्ड.

नाव टाकताना ऑफिस-सर्व्हर\नेहा असं, आधी सर्व्हरचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग युजर, असं टाकायला शिकवा. नुसतं 'नेहा' टाकलं की कधी कधी विंडोज ती याच संगणकावरची नेहा समजतो.

खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तरी नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही. विंडोज रिकाम्या पासवर्डचं खातं फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्याला वापरू देतो, आणि हा नियम चांगला आहे, तो बदलू नका.

विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली तेव्हापासून आणखी एक भर पडली. प्रो विंडोजमध्ये गेस्ट म्हणून, म्हणजे नाव-पासवर्डाशिवाय, फोल्डर उघडणं आता आपोआप बंद असतं, आणि सर्व्हरशी होणाऱ्या बोलण्यावर डिजिटल सही, म्हणजे मध्ये कोणी फेरफार केला नाही याची खूण, असणं सक्तीचं झालं आहे. त्यामुळे जुन्या नॅस डब्यावर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइली ठेवायच्या डब्यावर, वर्षानुवर्षं गेस्टनं उघडणारा फोल्डर अपडेटनंतर अचानक नकार देतो. मेसेजमध्ये 'गेस्ट अ‍ॅक्सेस' हे शब्द असतात. अशा वेळी क्रेडेन्शियल मॅनेजर कितीही वेळा साफ केला तरी काही होणार नाही. नॅसवर प्रत्येकाचं खातं उघडा आणि त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा. विंडोजची ती बंदी उठवायच्या युक्त्या मिळतात. क्लायंटचा डेटा असलेल्या जागी त्या मी वापरत नाही.

सर्व्हरकडे जायलाच हवं

संगणकातून पासवर्ड काढला म्हणजे त्या माणसाचा प्रवेश बंद झाला असं नाही. त्याच्या डोक्यात तो पासवर्ड आहे, कदाचित त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्येही सेव्ह आहे. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी सर्व्हरवर त्याचं खातं बंद करा. प्रो विंडोजमध्ये 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'लोकल युजर्स अँड ग्रुप्स' आहे, तिथं त्या नावावर डबल-क्लिक करून 'अकाउंट इज डिसेबल्ड'वर टिक करा. खातं लगेच डिलीट करू नका. त्याच्या फाइलींची मालकी कोणाची हे नंतर बघायला ते नाव लागतं.

खातं बंद केल्यावरही आधीच जुळलेलं कनेक्शन तत्काळ तुटेलच असं नाही. त्यासाठी त्याच कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये 'शेअर्ड फोल्डर्स', त्यात 'सेशन्स'. ही जागा मला फार मोलाची वाटते. कुठल्या संगणकावरून कोणाच्या नावानं कोण आत आहे, किती वेळ आहे, किती फाइल उघड्या आहेत, हे सगळं एका ओळीत दिसतं. गेस्ट म्हणून आला असेल तर तेही दिसतं. नको त्या नावावर राइट-क्लिक करून 'क्लोज सेशन' करा. संगणकावरचं काम बरोबर झालं का, याचा पुरावाही इथंच मिळतो: नव्या मुलाला फोल्डर उघडायला सांगा आणि त्याच्या संगणकासमोर त्याचंच नाव येतं का बघा. माझ्या हिशेबी हे नाव दिसेपर्यंत काम पूर्ण झालेलं नसतं.

सगळ्यांसाठी एकच खातं असेल आणि त्याचा पासवर्ड बदलायचा असेल, तर वेळ ठरवून, संध्याकाळी, सगळे संगणक रिकामे असताना बदला. सर्व्हरवर बदलला आणि संगणकांमध्ये जुना राहिला, तर ते संगणक जुना पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतात. विंडोज ११ च्या २२एच२ पासून नव्यानं बसवलेल्या यंत्रात १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटं बंद होतं. सर्व्हर तसा असेल तर एका विसरलेल्या संगणकामुळे सगळं ऑफिस अडकून बसतं, आणि बरोबर पासवर्ड टाकणाऱ्यालाही आत घेतलं जात नाही. दहा मिनिटांनी उघडतं, परत बंद पडतं. असं लपंडाव खेळल्यासारखं दिसलं की कोणत्या यंत्रात जुना पासवर्ड आहे ते शोधा.

पुन्हा सेव्हच होऊ नये म्हणून

सगळ्यांनी वापरायच्या संगणकावर, म्हणजे आमच्याकडे दाराजवळच्या, विंडोजला पासवर्ड सेव्ह करायलाच मनाई करता येते. प्रो विंडोजमध्ये 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' उघडा, 'लोकल पॉलिसीज'मधल्या 'सिक्युरिटी ऑप्शन्स'मध्ये जा, आणि 'नेटवर्क अ‍ॅक्सेस'नं सुरू होणाऱ्या ओळींत 'डू नॉट अलाव स्टोरेज ऑफ पासवर्ड्स'वाली ओळ शोधून 'एनेबल्ड' करा. रीस्टार्ट लागतो. होम विंडोजमध्ये ही खिडकी नाही, तिथं टिक न करण्याची सवय लावणं एवढंच हातात आहे. ज्याचा स्वतःचा संगणक आहे त्यानं सेव्ह करावा, रोज टाइप करायला लावलं तर पासवर्ड मॉनिटरच्या मागं चिठ्ठीवर चिकटतो.

सरांकडे मॅक आहे. तिथं सर्व्हरचा आयकॉन आधी इजेक्ट करायचा, मग 'कीचेन अ‍ॅक्सेस' हा मॅकचा पासवर्डचा साठा उघडून सर्व्हरचं नाव शोधायचं आणि 'नेटवर्क पासवर्ड' प्रकारची नोंद डिलीट करायची. उबंटूत 'पासवर्ड्स अँड कीज'मध्ये 'लॉगिन' नावाच्या साठ्यात ती सापडते. कोणी एफएसटॅब फाइलमधून, म्हणजे संगणक सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीतून, कायमचं जोडून ठेवलं असेल तर पासवर्ड बहुधा तिथं नोंदलेल्या वेगळ्या फाइलमध्ये असतो, तो हातानं बदलावा लागतो.

आणि झेरॉक्सचं यंत्र. स्कॅन करून थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकणाऱ्या यंत्रांच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये नाव-पासवर्ड भरलेला असतो, आणि तो बहुधा ज्यानं पहिल्यांदा जोडणी केली त्या मुलाचा असतो. त्याचं खातं बंद केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॅन थांबतं. त्या यंत्रासाठी सर्व्हरवर 'स्कॅन' नावाचं वेगळं खातं करा, त्याला फक्त एका स्कॅनच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्या, बाकी कुठलीच नको. यंत्राच्या पॅनेलवर पासवर्ड टाइप करणं त्रासाचं असेल तर संगणकाच्या ब्राउझरमध्ये यंत्राचा आयपी टाका. बहुतेक यंत्रांचं अ‍ॅड्रेस बुक तिथून उघडतं, आणि जुनं नाव काढून नवं भरायला काही मिनिटं पुरतात.